केव्ह डेल : चौथी खेप, शून्य आपटी

मंडळी, अखेर जमलं! केव्ह डेल, म्हणजे इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधली ती अरुंद नाळ, उतरलो आणि एकदाही बूड टेकलं नाही. आधीच्या तीन खेपांचा हिशोब तुम्हाला पाठ आहेच : दोन आपट्या, एक सोललेलं कोपर, एक वाकलेली काठी.

फेरा नेहमीचाच. होप स्टेशन, लूझ हिल, धारेवरून हॉलिन्स क्रॉसची खिंड, मॅम टॉरचा माथा (५१७ मी.) आणि कुरणांतून केव्ह डेलने खाली कॅसलटन गावात. धार बिनघोर, बरीचशी फरसबंदीच आहे. घोडं अडतं ते शेवटच्या नाळेत.

आधी मी दगडाला शिव्या घातल्या. धारेवरचा वालुकाश्म ओला असला तरी बुटाला धरून ठेवतो, त्यात गारगोटीचे खरखरीत कण असतात. नाळेत मात्र चुनखडी. लोकांच्या पावलांनी घासून तुळतुळीत झालेली, वर ओल. मग बुटांवर घसरलो. दुकानदाराने 'ओल्या खडकावर हमखास पकड' म्हणत महागडा जोड गळ्यात मारला, त्याचा सोल पाटासारखा कडक. नळीच्या वाटेने कोकणकडा चढताना पायात साधे ॲक्शन ट्रेकिंग बूट होते, त्यांची सर याला नाही. या मतावर मी अजून ठाम आहे.

पण खरा चोर वेगळाच निघाला. परवा नाळेच्या तोंडाशी बुटात खडा गेला म्हणून बूट काढून उलटा केला, तर सोलची नक्षीच गायब! वरच्या कुरणांतला चिखल खाचांत गच्च लिंपलेला. म्हणजे तीन वेळा मी सारवलेल्या तळव्यांनी त्या गुळगुळीत दगडांवर उतरत होतो. काटकीने एकेक खाच कोरली, बूट गवतावर घासले. दहा मिनिटं गेली. तेवढ्यात गमबूट घातलेल्या एक आजी कुत्र्याला घेऊन 'मॉर्निंग' म्हणत टणाटण खाली गेल्या. असो.

पायाखालची नजर पहिल्यांदाच वर गेली. डोक्यावर पेव्हरिल किल्ल्याचा चौकोनी बुरूज, राजा दुसऱ्या हेन्रीच्या काळातला. तीनदा त्याच्याखालून गेलो होतो, दिसला या वेळी.

पुढच्या वेळी फेरा उलटा : गावातून कोरड्या बुटांनी नाळ चढायची, मॅम टॉर करून धारेने होपला. वाटेत १९७९ साली दरडीपुढे हात टेकून बंद केलेला मॅम टॉरखालचा मोडका रस्ताही...

थांबा, लिहिता लिहिता सुचलं. रस्ता राहू दे. हॉलिन्स क्रॉसवरून पलीकडे ईडेल गावालाच उतरलं तर? स्टेशन त्याच रेल्वेमार्गावर. शिवाय ईडेलमध्ये चर्च नव्हतं तेव्हा तिथली मयत याच खिंडीतून कॅसलटनला आणत. खांद्यावर मयत घेऊन लोक चढायचे, मला पाठीवरची सॅक जड होते.

तो उतार कोणी अलीकडे केलाय का? चिखल कितपत आहे? नकाशात समोच्च रेषा असतात, चिखल नसतो.