मॅट्रिक झालेली आजी आणि मॅट्रिक्स

मॅट्रिक्स पहिल्यांदा बघितला तो मामाकडे सदाशिव पेठेत, बारावीच्या सुट्टीत, आणि अख्खा पिक्चर दोन सीडींवर होता. व्हीसीडी. मामेभावाने कुठूनतरी पैदा केलेल्या, वर मार्करने "मॅट्रिक्स १" आणि "मॅट्रिक्स २" लिहिलेलं. आजी मागे पलंगावर वाती वळत बसली होती, तिने ते वाचलं आणि म्हणाली, "मॅट्रिक? दोनदा बसला होता का हा?"

तेव्हापासून हा पिक्चर किती वेळा पाहिला त्याचा हिशोब नाही. आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच की त्यात एवढं काय आहे. मग मी नेहमीचं सुरू करते की अगं सायन्स फिक्शन आहे, पण कुंग फू पण आहे, पाऊस आणि काळे कोट आणि अंधारे जिने असलेला डिटेक्टिव्ह पिक्चर पण आहे, शेवटी मेट्रो स्टेशनवर हिरो आणि व्हिलन समोरासमोर उभे राहतात आणि मधून कागद उडत जातात म्हणजे चक्क काउबॉयचा पिक्चर, आणि चुंबनाने जिवंत होणं पण आहे, फक्त इथे निजलेला राजकुमार आहे आणि उठवणारी ती. एवढं ऐकल्यावर समोरची म्हणते, म्हणजे भेळ. नाही गं, भेळ नाही! भेळेत शेव आधी खा नाहीतर कुरमुरे, काही बिघडत नाही. इथे सगळं बिघडतं.

मग काय, तर कीर्तन. हसू नका. आजीबरोबर लहानपणी रामनवमीला कीर्तनाला जायचे, तिथे बुवा आधी पूर्वरंग लावायचे. एक अभंग घ्यायचा आणि त्याचा अर्थ सोडवत बसायचा, हे जग म्हणजे काय, दिसतं ते खरं का, अंधारात दोरीला साप समजून माणूस कसा घाबरतो वगैरे. आम्ही पोरं जांभया देत. मग मध्ये बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा, आणि उत्तररंग सुरू. आख्यान! तलवारी, राक्षस, बुवा स्वतःच उड्या मारायचे, तबला-पेटी पेटलेली. आणि गंमत म्हणजे आख्यानातली मारामारी पूर्वरंगातल्याच मुद्द्याची असायची, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मॅट्रिक्सची पहिली सीडी म्हणजे पूर्वरंग. हिरो ऑफिसच्या क्युबिकलमध्ये प्रोग्रॅमर, उशिरा आला म्हणून बॉस झापतोय आणि मागे काचा पुसणारे कर्र कर्र आवाज करतायत. १९९९ चा पिक्चर, आमच्याकडे आला तेव्हा गल्लीतली निम्मी पोरं जावाचे क्लास लावून बसलेली, त्यांना हा सीन बघून काय वाटलं असेल देव जाणे. मग मॉर्फियस नावाचा गुरू भेटतो आणि सांगत सुटतो की तू जगतोयस ते जग म्हणजे कॉम्प्युटरने उभं केलेला देखावा आहे. आजी मध्येच म्हणाली, "हा फार बोलतो. पण आवाज चांगलाय." लॉरेन्स फिशबर्नला याहून चांगली दाद मिळाली असेल असं मला वाटत नाही.

आता इथेच तो पिक्चर हुशारी करतो. साध्या ॲक्शन पिक्चरमध्ये हिरो हवेत दहा फूट उडतो आणि आपण म्हणतो, चालायचंच. इथे तो उडतो कारण ते जग खोटं आहे आणि नियम कॉम्प्युटरचे आहेत, म्हणजे वाकवता येतात. त्यामुळे प्रत्येक फाईट म्हणजे परीक्षाच, ह्याला कळलंय का नाही याची. आखाड्यात मॉर्फियस त्याला धू धू धुतो आणि वर विचारतो की तू जी धाप टाकतोयस ती हवा तरी खरी आहे का? म्हणजे प्रवचन चालूच आहे, फक्त लाथाबुक्क्यांनी.

आणि त्या लाथा काही अशातशा नाहीत. पिक्चरच्या दिग्दर्शक वाचोवस्की भावंडांनी हाँगकाँगहून युएन वू-पिंग या फाईट मास्टरला बोलावलं आणि त्याने कलाकारांना शूटिंगच्या आधी चार महिने कुंग फू शिकवलं. हिरो झालेल्या कियानू रीव्हजच्या मानेचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सुरुवातीला त्याला लाथा मारायची बंदीच होती. तरी बघा.

गोळी चुकवायचा तो गच्चीवरचा सीन तर सगळ्यांनाच माहितीये, पुढे लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनीसुद्धा नवरा-नवरीवर ती ट्रिक करून पाहिली. तो केला कसा तर माणसाभोवती रांगेने सुमारे १२० साधे फोटोचे कॅमेरे लावले, ते एकामागोमाग एक खटाखट उडवले आणि मधल्या रिकाम्या जागा कॉम्प्युटरने भरल्या. म्हणून वेळ जवळजवळ थांबतो आणि आपणच त्याच्याभोवती फिरतो. या आणि अशा उद्योगांसाठी चार ऑस्कर मिळाली. पण मला त्यातलं आवडतं ते वेगळंच, की एवढं वाकूनही त्याला गोळ्या चाटून जातातच. चुकवता येतं, पण अजून गोळी खरी वाटतेय ना! शेवटी मात्र तो नुसता हात पुढे करतो आणि गोळ्या हवेत थांबतात. दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षु (म्हणजे सुटायची तळमळ लागलेला), साधक, सिद्ध अशा पायऱ्या आहेत, त्या लावून बघा. क्युबिकलमधला बद्ध, रात्र रात्र स्क्रीनसमोर जागणारा मुमुक्षु, गच्चीवर वाकलेला साधक आणि कॉरिडॉरमध्ये उभा तो सिद्ध. (आमच्याकडे हे सगळं आधीच होतं असलं फॉरवर्ड मला अजिबात पाठवायचं नाहीये, उलट आमच्याकडे होतं तरी असा पिक्चर काढायचं सुचलं नाही, हे जास्त लागतं.)

मामेभावाचं मात्र वेगळंच. त्याचा एकच आक्षेप, पिक्चरमध्ये तो देखावा उभा करणारी मशिनं माणसांना बॅटरीसारखं वापरतात हे साफ चूक, माणसाला जेवढं खायला घालाल त्याहून जास्त एनर्जी बाहेर येणार कुठून? बरोबर आहे त्याचं. फिजिक्सवाला आहे. पण दोरीचा साप झाला त्यात दोरी किती फुटी होती हे बुवांना कुणी विचारतं का? आणि त्या खोट्या जगातून बाहेर पडायला वायरवाला फोन लागतो, त्यावर तोच म्हणाला होता की पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ आहे, इथे एजंटांना, म्हणजे त्या जगातल्या पहारेकऱ्यांना, कुणी सापडणार नाही.

पुढचे दोन भाग २००३ मध्ये आले, एकाच वर्षात दोन्ही. दुसऱ्यात तर पांढरी दाढीवाला एक आर्किटेक्ट येऊन असं काही जडजड बोलतो की बुवा दृष्टांत घरी विसरून आले असं वाटतं. मारामाऱ्या भरपूर, पण आता कुणाला काय कळायचं राहिलंय तेच कळेना. तिसऱ्याच्या शेवटी नावं पळताना मात्र मागे कोरस चक्क "असतो मा सद्गमय" म्हणतो. थिएटर तोवर निम्मं रिकामं झालेलं. मी अंगावर काटा घेऊन उभी, आणि झाडूवाले काका माझी वाट बघत.

परवा भाचीला पहिला भाग दाखवला, लॅपटॉपवर. मामेभावाकडे पहिली सीडी संपायची साधारण त्याच सुमाराला माझा हात आपोआप गेला आणि पिक्चर थांबवला. तेव्हा सीडी बदलेपर्यंत आजी उठून चहा टाकायची. मी पण उठले. भाची म्हणाली, "मावशी, नेट गेलं का?"