नाकात जाणारं पाणी

गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी जलनेती करते, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक आतून धुते. बंबातलं कढत पाणी तोटीच्या लोट्यात घ्यायचं, नुकतंच शेंदलेलं विहिरीचं गार पाणी ओतून ते कोमट करायचं आणि चिमूटभर मीठ टाकायचं. पिण्याचं पाणी मात्र आमच्याकडे गाळून, उकळून माठात भरतात. हा फरक मला इतक्या वर्षांत एकदाही खटकला नाही.

खटकला तो केरळच्या बातम्यांमुळे. तिथे मेंदूत अमिबा शिरून माणसं दगावत होती, म्हणून मी वाचायला बसले. या अमिबाचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर माल्कम फाउलर यांनी १९६५ साली सहकाऱ्यासोबत या आजाराचं पहिलं वर्णन केलं, त्यांचंच हे नाव. उबदार गोड्या पाण्यात आणि तळाच्या गाळात हा अमिबा जीवाणूंना खाऊन जगतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तगत नाही. म्हणजे काळजी करायची ती आपल्या विहिरींची, डोहांची.

असं पाणी पोटात गेलं तर हा आजार होत नाही. नाकात वर चढलं तर मात्र वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने, कवटीतल्या चाळणीसारख्या हाडातून अमिबा मेंदूत पोचतो आणि मेंदूच्या पेशी खाऊ लागतो. २०११ साली अमेरिकेतल्या लुईझियानात दोन माणसं नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे याच आजाराने गेली. हे वाचलं त्या दिवशी माझा लोटा कोरडाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून नेतीचं पाणी खळखळून उकळते आणि झाकण ठेवून निववते. नेतीपुरत्या मिठावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी पार खाली गेलं होतं. मुंबईहून आलेली पोरं कठड्यावरून सूर मारायची. चार दिवसांनी नातवाला ताप भरला, डोकं ठणकू लागलं. दवाखान्यात आम्ही डासांचं सांगितलं, खाल्ल्याप्यायल्याचं सांगितलं. विहिरीचा विषय आमच्या कोणाच्या तोंडी आला नाही. ताप साधा होता, उतरला. पण आता आठवलं की पोटात गोळा येतो. या आजाराची सुरुवातही अशीच: ताप, डोकेदुखी, उलट्या, मग मान ताठरणं. लागण झाल्यापासून १ ते १२ दिवसांत लक्षणं दिसतात आणि पुढे बहुतेकदा आठवडाही मिळत नाही. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून ताजं ताजं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर अमिबा हलताना दिसतो, पण शंका आली तरच कोणी पाहणार ना?

२०२४ साली कोझिकोड जिल्ह्यातला १४ वर्षांचा मुलगा यातून वाचला. निदान लवकर झालं, औषधं लगेच सुरू झाली. त्यातलं मिल्टेफोसिन हे वाळूमाशीमुळे होणाऱ्या काळा आजारावरही देतात. अशी वाचलेली माणसं जगभरात फार थोडी आहेत. १०० पैकी ९७ हून अधिक रुग्ण दगावतात.

आजार अतिशय दुर्मीळ आहे, म्हणून पोरांचं पोहणं बंद करा असं मी म्हणणार नाही. यंदा विहिरीतला गाळ उपसून घेतला, ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याला विचारून मापात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून घेतलं. काल नातवाचा फोन आला, तेव्हा त्याला सांगितलं, नाक चिमटीत धरून पायांवर उडी मारायची.

"आणि सूर, आजी?"

"सूर नाही रे बाळा."