पानी, लोनी, डोया

शुक्रवार, रात्री साडेदहा

ऑफिसातून यायला आठ वाजून गेले. उद्या लेकीचं श्रुतलेखन. तिसरीत गेल्यापासून आठवड्याचं चक्र ठरलेलं आहे. सोमवारी बाई फळ्यावर दहा शब्द देतात, मग ते दुरेघी वहीत तीन-तीनदा लिहायचे, एकेकाचं वाक्य करायचं आणि शनिवारी सकाळच्या शाळेत बाई सांगतील तसे न बघता लिहायचे. शुक्रवारची घरची तालीम माझ्याकडे असते. आज उशीर होणार म्हणून सासूबाईंना फोन केला, ‘आई, तेवढे दहा शब्द घाला तिला.’

आल्यावर वही उघडली. पानी. लोनी. डोया.

मी लाल पेन घेऊन तिन्ही शब्दांवर गोल केले आणि वर बोललेही, ‘आठवडाभर गिरवलेस ना हे? लक्ष कुठं असतं?’ लेक गप्प. स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, ‘मीच सांगतलं तिले. तिचा काय दोष?’

आई अकोल्याकडच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या तोंडी ‘ण’ नाही आणि ‘ळ’चा ‘य’ होतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ‘डोयात काहीतरी गेलं’ ऐकून मी हसले होते, ते त्या विसरलेल्या नाहीत असं मला आज वाटलं. मुलीनं जे कानावर पडलं ते अक्षरशः लिहिलं होतं. श्रुतलेखन म्हणजे आणखी काय असतं?

आईंनी जेवताना सांगून टाकलं, यापुढं शब्द तूच घाल, माझ्यामुळं पोरीचे मार्क जातील. मी ‘नाही हो’ म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

जेवणानंतर मी पुन्हा बसले. ‘बाणाचा ण’ आणि ‘नळाचा न’ झालं. मग वेलांट्या. तिला कळेना की लोणीला दुसरी वेलांटी का. खरं तर मी कितीही लांबवून बोलले तरी कानाला पहिली आणि दुसरी एकच ऐकू येते. आपण बोलताना तो फरक करतच नाही. आतापर्यंत मी नकळत फसवत आले होते. दीर्घ आलं की आवाज ताणायचा, भुवया वर करायच्या. ती माझ्या भुवया बघून वेलांटी द्यायची! आज नियमच सांगितला, शब्दाच्या शेवटी असेल तर दुसरी. पाणी, लोणी, कवी, गुरू, सगळ्यांना लागू. तिला एकदम पटलं. मलाही फार हुशार वाटलं.

शनिवार

दहापैकी नऊ. पाणी बरोबर, लोणी बरोबर, डोळा बरोबर.

चुकलं ते ‘आणी’.

आठवडाभर तिनं ‘आणि’ बरोबर लिहिलं होतं, वहीत तीन वेळा आहे. काल रात्री मी नियम सांगितला आणि आज तिनं तो लावला. ‘तूच म्हणालीस ना, शेवटी असली की दुसरी?’ ‘आणि’ आणि ‘नि’ हे दोन अपवाद आहेत, हे सांगायचं मी विसरले. आजीच्या तिन्ही चुका एका रात्रीत सुधारल्या, आईनं शिकवलेलं तेवढं बाईंनी कापलं. हे आईंना सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. हसू दे.

रविवार

पुढचा भाग वाक्यात उपयोगाचा. ‘फूलाला पाणी घातले.’ हा घोळ मोठ्यांचाही होतो, आमच्या सोसायटीच्या सूचना-फलकावर कायम असतो. फूल, पण फुलाला. बहीण, पण बहिणीला. मूल, मुलाला. शब्दाला शेपूट लागलं की आधीचं दीर्घ आखडतं, असं मी तिला म्हटलं.

‘मग शरीराला का नाही आखडत?’

‘तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, म्हणून तसाच राहतो.’

‘म्हणजे पाहुणा? त्याला कोणी काही म्हणत नाही?’

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

केंद्राच्या 2020च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, असं आहे. आमचे दोन तास ‘फुलाला’मध्येच संपले. पण त्यातला निम्मा वेळ ती प्रश्न विचारत होती, तो गृहपाठात धरायचा का? आमच्या वेळी रोज दहा ओळी ‘शुद्धलेखन’ असायचं, म्हणजे पुस्तकातलं बघून वळणदार उतरवायचं. हात दुखायचा आणि डोकं दुसरीकडे असायचं. त्यापेक्षा हे बरं.

दुपारी आईंनी पेटी आवरायला काढली. त्यात त्यांच्या वडलांचं एक पत्र निघालं, लग्नानंतर त्यांना आलेलं. लेकीनं ते हातात घेतलं आणि पाचव्या मिनिटाला ओरडली, ‘पणजोबांच्या किती चुका!’ नाहीं, कांहीं, घरीं, जेथें तेथें टिंबं. लाल पेन शोधायलाही निघाली होती, वेळेत धरलं. तिला सांगितलं की चुका नाहीत, तेव्हा तसंच लिहायचे. साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत आणखी 4 भरले, आणि ज्यांचा उच्चारच होत नव्हता ती टिंबं गेली. पणजोबा त्याआधी शिकलेले. त्यांच्या बाईंनी, म्हणजे गुरुजींनी, टिंब नसतं तर छडी मारली असती.

ती बराच वेळ पत्राकडे बघत होती. मग म्हणाली, ‘आजीच्या वेळी ण नव्हता का?’

आई म्हणाल्या, ‘होता. पुस्तकात होता.’

सोमवार

नवे दहा शब्द आले. केळी, वेणी, शाळा, बाळ, नदी वगैरे. ‘ळ’ आणि ‘ण’ घेऊन बाईंनी जणू आमच्या घरावर नेमच धरला आहे.

संध्याकाळी आले तर दोघी वही पुढ्यात घेऊन बसलेल्या. लेकच गेली होती म्हणे आजीकडे, तूच शब्द घाल म्हणून. आई ‘नको’ म्हणाल्या, तर तिनं पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारली. डावीकडे ‘शाळेचा’, उजवीकडे ‘आजीचा’. आजीनं ‘शाया’ म्हणायचं, नातीनं दोन्ही घरं भरायची. मध्येच आई बाराखडी म्हणाल्या, तर हिनं दुरुस्त केलं, ‘चौदाखडी आजी, ॲ आणि ऑ पण आहेत आता.’ आईंनी ते मान्य केलं, पण ‘दोन कोनी वाढवले?’ असं मला विचारलं.

मी पेन घेऊन शेजारी बसले, काही दुरुस्त करायचं म्हणून नाही, सवयीनं. उजव्या रकान्यात शाया, बाय, वेनी असं भरत आलं होतं. ‘केयी’पाशी ती थांबली आणि पेन्सिल चावत माझ्याकडे बघितलं. या खेपेला मी भुवया हलवल्या नाहीत.

‘आजीच्या केयीला पण दुसरी वेलांटी ना?’

‘हो,’ म्हटलं, ‘शेवटी आहे.’