माझा निकाल आधी मला

आमच्या कॉलेजात निकाल लागतो तो ऑफिसच्या खिडकीशी. मोबाईलवर दिसतो हो, पण त्या दिवशी पोर्टल जागचं हलत नाही. मग पोरं खिडकीशी गर्दी करतात, आतून मॅडम पीआरएन, म्हणजे पोराचा कायमचा नोंदणी क्रमांक, टाकतात आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, ‘पॉलिटिकल सायन्स राहिलं बघ. पुढचा.’ मागं उभे दोस्त त्याच्या पाठीत धपाटा घालतात, कोण ‘आयला, माझं पण’ म्हणतो, आणि सगळे चहाला जातात. पोरांना त्याचं काही वाटत नाही.

मी तिथं कॉम्प्युटर बघतो. लॅब माझ्याकडं, सर्व्हर माझ्याकडं, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे, गारगोटीकडची. जन्मापासून दिसत नाही. शहरात बोर्डिंगला राहते. (शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तेव्हापासून खेड्यातल्या पोरांची शिकायची सोय म्हणजे कोल्हापूरचं बोर्डिंग, हे आपल्याकडं ठरूनच गेलंय.) प्रवेशाला तिला अडचण आली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या असतात. अडचण प्रवेशानंतरची. नोटीस बोर्डावर काय लावलंय, फी किती राहिली, परीक्षेचा ब्लॉक कुठला, हे सगळं तिला कुणीतरी वाचून दाखवायचं. माणसं चांगली आहेत, वाचून दाखवतात. पहिल्या वर्षीचा निकाल मॅडमनी आधी तिच्या वडिलांना फोनवर सांगितला, काळजीपोटीच. ही गावी निघाली तर एसटी स्टँडवर भेटलेल्या गाववाल्यानं ‘असू दे पोरी, पुढच्या टायमाला निघंल’ म्हणून तिची समजूत काढली. आपण कशात नापास झालोय हे तिला त्या समजुतीतून कळलं.

आमच्या बीसीएच्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून बोलणारी फोनलाईन बांधायला घेतली तेव्हा तपासायला मी तिला बोलावलं. ॲस्टेरिस्क नावाची प्रणाली आहे, १९९९ पासूनची, फुकट मिळते. साध्या कॉम्प्युटरचं टेलिफोन एक्स्चेंज करते. नंबर फिरवायचा, पीआरएन दाबायचा, मग हजेरीसाठी १, फीसाठी २, निकालासाठी ३. पोरांनी मराठीच्या प्राध्यापिकेचा गोड आवाज रेकॉर्ड केलेला. हिनं ऐकला आणि म्हणाली, “आवाज भारी हाय सर, पण ह्यांचं स्वागत संपेपर्यंत माझा तास सुटतोय.”

तिला हवा होता ई-स्पीकचा, म्हणजे मजकूर बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा यांत्रिक आवाज, पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. कारण तो कितीही पळवला तरी अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. तिच्या वेगाला मला नुसती खरखर ऐकू येते, ती त्यातून परिच्छेद उचलते. शिवाय वाक्य संपायच्या आत बटण दाबलं तरी चाललं पाहिजे, म्हणाली. आणि गुण सांगताना एकोणसाठ, एकोणसत्तर म्हणू नका; एसटीच्या खडखडाटात दोन्ही सारखेच लागतात. ‘पाच, नऊ’ असे सुटे आकडे सांगा. मग तिनं हळूच विचारलं, “पीआरएन तर हजेरीपटावर सगळ्यांना दिसतोय. मग कोण पण माझा निकाल ऐकणार?” त्या दिवशी लाईनला पिन आला.

आता मुद्द्याचा दिवस. निकालाची फाईल आमच्याकडं आली, मी ती लाईनवर चढवली. खिडकीशी नेहमीचा बाजार भरलेला. थोड्या वेळानं ती काठी टेकत लॅबमध्ये आली, कानात इअरफोन.

“ऐकलास?”

“ऐकला. एक राहिलाय. उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा फॉर्म भरायचाय.”

एवढंच. तिनं कोपऱ्यातला कॉम्प्युटर धरला. त्यावर एनव्हीडीए आहे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या तरुणानं २००६ साली सुरू केलं. तो स्वतः अंध, आणि असलं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं तर किंमत परवडणारी नाही, म्हणून ह्यानं फुकट वाटलं. तिची बोटं चालू झाली. एच दाबलं की पुढचं शीर्षक, एफ दाबलं की पुढचा रकाना. माऊसला तिनं हात लावला नाही.

तेवढ्यात शिपाईमामा चहा घेऊन आले. “सर, ह्या पोरीचं मशिन बंद पडलंय की ओ. ही नुसतीच बडवत बसलीया.” आणि थेट बटणाकडं हात घातला. मी धावत जाऊन धरला. स्क्रीन काळाकुट्ट होता, पण मशिन चालू होतं. एनव्हीडीएमध्ये पडदा झाकायची सोय आहे; झाकला की आत सगळं चालतं, बोलतं, बाहेर मात्र काही दिसत नाही. मागं उभं राहून कुणी वाचू नये म्हणून. मामांना ते पटेना. दिसत नाही तिनं दिसणाऱ्यांपासून लपवायचं म्हणजे काय, असा काहीसा चेहरा करून ते गेले.

त्यांच्या पाठोपाठ मॅडम आल्या. “अगं, खिडकीशी आली नाहीस? सांग नंबर, मी बघते की.”

“बघितलाय मॅडम.”

“काय झालं मग?”

“सांगतो की नंतर.”

मॅडमना ते लागलं. प्रवेशापासून ह्या पोरीचा एकेक कागद त्यांनी वाचलेला, डबासुद्धा दिलेला कधी कधी. पण मला आत कुठंतरी गंमत वाटली, खोटं कशाला बोलू.

फॉर्म सोपा नव्हता. ते पोर्टल बाहेरच्या कुणाकडून तरी बनवून घेतलेलं. काही बटणांना आतून नावच दिलेलं नाही. दिसणाऱ्याला चित्र दिसतं, तिला नुसतं ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येतं. सूचनांची पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटात. पडद्यावर ती मराठी दिसते, पण खाली इंग्रजी अक्षरं नि चिन्हं असतात, आणि आवाज ती जशीच्या तशी वाचत सुटतो. ती तिनं दोन ओळींत सोडून दिली. बटणं मात्र दाबून, मागं येऊन, पुन्हा दाबून पाठ केली.

शेवटी कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं, चित्रातली, आणि ऐकायची सोय नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून आंतरराष्ट्रीय नियम १९९९ पासून आहेत, चित्राला पर्याय द्या हे तर त्यात अगदी पहिलं. इथं माणूस आहे की यंत्र एवढं ओळखायचं होतं, आणि तिथंच ती अडली.

“सर, तेवढं वाचता?”

“वाचतो. पण पडदा काळा आहे.”

ती थांबली. मग तिनं पडदा उघडला. त्याच पानावर कॅप्चाच्या वर निवडलेला विषय आणि त्यातले गुण, ठळक. मी अक्षरं वाचली, तिनं टाइप केली, पडदा परत झाकला.

“दिसलं असंल तुम्हाला.”

“दिसलं.”

“असू दे. तुम्ही ऑफिसात बोलत नाही.”

फॉर्म गेला. मी त्याच संध्याकाळी पोर्टलवाल्यांना बसून मेल लिहिला: बटणांना नावं, कॅप्चाला आवाज, आणि गुण त्या पानावर कशाला हवेत. बटणांना नावं मिळाली. बाकीचं ‘विचाराधीन’ आहे, म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

पुढं उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आली. ती म्हणजे हाताने लिहिलेल्या पानांचं स्कॅन. तिथं एनव्हीडीए मुकं, आणि मोडी वळणाचं ते मराठी कुठल्या सॉफ्टवेअरला लागेल असं मला वाटत नाही. मी म्हटलं, मी वाचून दाखवू का. ती ‘नको’ म्हणाली, आणि मोबाईल काढून तिच्या लेखनिक मुलीला फोन लावला. बारावीतली पोर, परीक्षेत ही सांगायची आणि ती लिहायची.

“अगं, लॅबला ये. तूच लिहिलंयस, तूच वाच. आणि चौथ्या प्रश्नाचा नंबर बरोबर घातलायस का, ते आधी बघतो.”