थ्रीडीतलं स्टेज आणि शेवटच्या रांगेतली खुर्ची

कॉर्पोरेट मीटिंगच्या स्टेजचा सेट मंजूर होतो तो थ्रीडी, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र बघून. त्या चित्रात सगळं झकास दिसतं, कारण त्यातला कॅमेरा हॉलच्या मधोमध, माणसाच्या डोक्यापेक्षाही वर कुठेतरी अधांतरी असतो आणि समोर एकही डोकं नसतं. त्या जागेवरून कार्यक्रम कुणीच बघत नाही. म्हणून मी आणखी एक चित्र जोडते : शेवटच्या रांगेतल्या, अगदी कडेच्या खुर्चीवरून दिसणारं. ते देखणं नसतं, पण मंजुरी त्याच्यावरच घ्यावी असा माझा हट्ट असतो.

गणित सरळ आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 4 फुटांवर आणि त्याचा माथा डोळ्यांच्या वर 4-5 इंच. दोन रांगांत 3 फूट धरा. सपाट हॉलमध्ये पुढच्याच्या डोक्यावरून बघायचं तर नजर दर 3 फुटांना साडेचार इंच चढत जाते. वक्ता 60 फूट लांब असेल तर तिथे पोचेपर्यंत ती साडेअकरा फुटांवर गेलेली असते. म्हणजे मागच्याला बॅकड्रॉपचा, स्टेजमागच्या सजवलेल्या भिंतीचा, वरचा भाग दिसतो, माणूस नाही. खुर्च्या एकाआड एक सरकवून लावल्या की नजर दोन रांगा पुढच्या डोक्यावरून जाते आणि हिशेब पावणेआठ फुटांवर येतो. आता साडेपाच फूट उंचीचा वक्ता 2 फुटी स्टेजवर उभा राहिला तर त्याचा माथा साडेसातला. गेला! 3 फुटी स्टेजवर तो साडेआठला जातो आणि चेहरा हाती लागतो. एवढा जीव त्या एका फुटात असतो, आणि नेमका तोच फूट 'स्टेज फार उंच वाटतंय' म्हणून कापायला सांगतात.

स्टेज उंच केलं की रॅम्प लांबतो, हेही खरं. व्हीलचेअरसाठी उतार 1:12 चा हवा. 3 फूट चढायला 36 फूट रॅम्प. हा आकडा ऐकला की बैठकीत शांतता पसरते आणि मग कुणीतरी म्हणतं, 'तशी वेळ आलीच तर अवॉर्ड खाली आणून देऊ.' मला हे मुळीच मान्य नाही. सगळ्यांचा सत्कार वर आणि एकाचा खाली, असं होता कामा नये. रॅम्प पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगमध्ये असला तर त्याला जागा सापडते : बॅकड्रॉपच्या मागून दोन टप्प्यांत वळवायचा, मध्ये व्हीलचेअर वळेल एवढी सपाट जागा ठेवायची, आणि चढणारी व्यक्ती बाकीच्यांसारखीच विंगेतून बाहेर येईल असं बघायचं. तेवढीही जागा नसेल तर मी स्टेज 2 फुटांवर आणते आणि दोन्ही बाजूंना उंचावर स्क्रीन मागून घेते. पायऱ्यांचं थोडक्यात सांगते. 6 इंचांच्या, सगळ्या अगदी सारख्या, काठावर फिकट रंगाची पट्टी. एक पायरी अर्धा इंच जरी कमी-जास्त झाली तरी माणूस तिथेच ठेचकाळतो.

बाजूच्या स्क्रीनमुळे दुसराच प्रश्न उभा राहतो. मोठ्या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त लोक वक्त्याला प्रत्यक्ष बघतच नाहीत, स्क्रीनवर छातीपासून वर बघतात. त्यांच्या दृष्टीने 60 फुटांचा बॅकड्रॉप नसतोच. पोडियममागचा 5-6 फुटांचा तुकडा हाच त्यांचा सेट. तिथे कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत आलं, की तासभर वक्त्याच्या डोक्यातून अर्धं अक्षर उगवलेलं दिसतं. मी तो तुकडा शांत ठेवते : मॅट फिनिश, मध्यम गडद रंग, बारीक रेघा अजिबात नाहीत, कारण कॅमेऱ्यात त्या लहरतात. चकचकीत सनमायका तर नकोच, समोरचा प्रत्येक लाइट त्यात उमटतो. मागे एलईडी वॉल असेल तर वक्त्याला तिच्यापासून निदान 6-8 फूट पुढे उभं करायचं. मग कॅमेऱ्यात वॉल जरा धूसर होते आणि चेहरा उठून दिसतो. वॉलचा उजेडही अर्ध्याच्या कितीतरी खाली आणावा लागतो, नाहीतर माणूस काळी सावली होऊन बसतो.

एलईडीचं माप ठरवताना पॅनेलच्या हिशेबानेच विचार करावा. 500 मिलिमीटरचे चौकोनी पॅनेल असतील तर 16 आडवे आणि 9 उभे लावले की 8 मीटर बाय साडेचार मीटरची वॉल होते आणि प्रेझेंटेशनही त्याच 16:9 प्रमाणात असल्यामुळे न ताणता, न कापता बसतं. आधी आकार काढायचा आणि मग पॅनेल कोंबायचे, असं केलं की कडेला काळी पट्टी राहते, नाहीतर शेवटची ओळ कापली जाते.

चित्रात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आवाज. स्टेजचा प्लॅटफॉर्म आतून पोकळ असतो, त्यामुळे टाचांचे बूट घालून कुणी चाललं की ढोलासारखा घुमतो आणि पोडियमचा माइक ते सगळं उचलतो. सांध्यांमध्ये फेल्टच्या पट्ट्या, 18-19 मिलिमीटरचा प्लाय खालच्या प्रत्येक बॅटनवर (लाकडी पट्टीवर) स्क्रूने आवळलेला, वर कारपेट. खिळे मारून भागत नाही. ते रात्रभरात सैल होतात आणि सकाळी प्लाय करकरतो. आमचे सुतारकाका रात्री काम संपलं की प्रत्येक प्लॅटफॉर्मवर स्वतः पाय आपटून बघतात. काही ऐकू आलं की तोंडाने न सांगता खडूने फुली मारतात. त्या फुल्या पुसल्या गेल्याशिवाय कारपेट अंथरायला माझी परवानगी नसते.

फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे, 8 बाय 4 फुटांचेच करते, कारण प्लायचं शीट त्याच मापाचं येतं आणि दोघांना ते धरून सर्व्हिस लिफ्टपर्यंत नेता येतं. लिफ्टचं आणि दाराचं माप मी स्वतः टेप लावून घेते, कागदावरच्या मापावर विसंबत नाही. वर्कशॉपमध्ये सगळा सेट एकदा पूर्ण उभा करायचा, मागून प्रत्येक फ्लॅटवर नंबर आणि बाण काढायचा, मगच सोडवायचा. दोन सूत, म्हणजे पाव इंच फट वर्कशॉपमध्ये दिसली तर रंधा मारून जाते. हॉलमध्ये रात्री दोन वाजता दिसली तर तिच्यावर पट्टी चिकटवावी लागते, आणि समोरून उजेड पडला की ती पट्टी डोळ्यांत भरते.

सेट उभा राहिला, लाइट लागले, की रनथ्रूच्या, म्हणजे पूर्ण तालमीच्या आधी मी हॉलभर खुर्च्यांवर बसून बघते. कोपरे, खांबांमागच्या जागा, कॅमेऱ्याच्या प्लॅटफॉर्ममागची रांग. समोर सहकारी पोडियमवर उभी असते. तिचा चेहरा किंवा निदान एक स्क्रीन पूर्ण दिसला नाही, तर ती खुर्ची मी उचलायला लावते. यावरून वाद होतात. 'नोंदणी झालेली आहे, आकडा कमी करता येणार नाही.' मग त्या खुर्च्या मधल्या वाटेच्या बाजूने कुठे बसतात ते मी स्वतः मोजून देते, वाट अरुंद न करता. बहुतेक वेळा बसतात.