तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरच्या त्या हललेल्या फोटोबद्दल

पासपोर्ट फोटोसाठी आलेलं माणूस बाकावर बसलं की त्याची नजर काउंटरमागच्या भिंतीवर जाते. तिथे एका म्हाताऱ्या माणसाचा मोठा फोटो आहे. पांढरे केस पिंजारलेले, डोळे ओलसर, मागे मिट्ट काळोख. मग पहिला प्रश्न येतो, "हे तुमचे आजोबा का?" आणि जरा संकोचून दुसरा, "फोटो हललाय ना हो?" मिरजेतल्या आमच्या स्टुडिओत मी वर्षानुवर्षं याचं दोन वाक्यांत उत्तर देत आले. परवा तुमच्यापैकी एकीने सरळच विचारलं, "फोटोचा धंदा करता आणि हललेला फोटो भिंतीवर का लावता?" तेव्हा गिऱ्हाइकं खोळंबली होती. आता सवडीने सांगते.

फोटोतले गृहस्थ म्हणजे इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल. फोटो एप्रिल १८६७ मधला, ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी काढलेला. माझ्याकडे आहे ती अर्थातच छापील प्रत.

आजोबांबद्दल आधी. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली तीन ट्रे असायचे: डेव्हलपर, पाणी आणि हायपो. शाळेतून आल्यावर माझं काम शेवटच्या ट्रेपाशी. हायपोतून निघाला की फोटो पक्का, मग दिवा लावायला हरकत नाही. बोटांचा वास रात्री जेवतानासुद्धा जायचा नाही. हा हायपो चांदीचे क्षार विरघळवतो, हे १८१९ मध्ये शोधलं ते या हर्शेलांनी. फोटो पक्का करायला तो वापरा, हेही त्यांनीच सांगितलं, आणि १८३९ मध्ये 'फोटोग्राफी' हा शब्द विद्वानांच्या सभेत मांडून रुळवला तोही त्यांनी. म्हणून "आजोबा का?" या प्रश्नाला मला सरळ नाही म्हणवत नाही. या धंद्यातल्या सगळ्यांचेच ते आजोबा.

कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. १८३६ मध्ये प्रकृती सुधारायला म्हणून त्या दक्षिण आफ्रिकेत केपला गेल्या. हर्शेल तेव्हा तिथे दुर्बीण लावून दक्षिणेचं आकाश न्याहाळत होते. तिथे जमलेली ओळख हर्शेल जाईपर्यंत टिकली. फोटोची कला निघाली तेव्हा पहिले नमुने त्यांनीच बाईंना कलकत्त्याला पाठवले होते. यजमान चार्ल्स कॅमेरॉन हेही केपलाच भेटले, वयाने वीस वर्षांनी मोठे. मेकॉलेच्या ज्या कायदा आयोगाने भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा केला त्याचे ते सदस्य. १८४८ मध्ये मंडळी इंग्लंडला परतली आणि पुढे १८६० मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर गावात राहायला गेली. शेजारी कवी टेनिसन.

इथवरचं आयुष्य मोठ्या घरातल्या कुठल्याही बाईचं असतं तसंच. पुढचं मात्र तसं नाही. डिसेंबर १८६३ मध्ये लेक आणि जावई यांनी त्यांना कॅमेरा भेट दिला, एकटेपणात करमणूक म्हणून. बाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या, सहा मुलांची आई. कोळशाची खोली रिकामी करून त्यांनी डार्करूम केली आणि काचेच्या खुराड्यातल्या कोंबड्या हलवून तिथे स्टुडिओ. पहिल्या फोटोची ओली काच त्यांच्याच हाताने पुसली गेली. महिनाभरात, जानेवारी १८६४ मध्ये, ॲनी नावाच्या एका लहान मुलीचा फोटो साधला, तेव्हा त्यांनी त्यावर लिहिलं, 'माझं पहिलं यश'.

ओली काच म्हणजे काय ते सांगायलाच हवं, त्याशिवाय या फोटोतले कष्ट कळणार नाहीत. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं आणि काच चारी कोपऱ्यांकडे तिरकी करत ते सारखं पसरवायचं. मग ती अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत डार्करूम गाठून डेव्हलप करायची. वाळली की गेली. पुढे पुढे बाई जी काच वापरत ती पंधरा बाय बारा इंचांची असे. सिल्व्हर नायट्रेटने हात काळे होतात, कपड्यांवरचे डाग निघत नाहीत. त्या काळी घरोघरी व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो काढून घ्यायची टूम होती, आणि या बाई जवळजवळ खऱ्या आकाराचं डोकं काचेवर घेत होत्या.

आता हलण्याचं. इतकी मोठी काच, जवळून घेतलेला चेहरा आणि एकाच बाजूने येणारा मंद उजेड. लेन्स तीन-चार मिनिटं, कधी त्याहून जास्त उघडी ठेवावी लागे. इतर स्टुडिओंत डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. बाईंना ते नको होतं. माणूस श्वास घेणार, पापणी लवणार, आणि ते सगळं काचेवर उतरणार. दुसरं म्हणजे फोकस. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की फोकस करताना चेहरा जिथे सुंदर दिसे तिथेच त्या थांबत, इतरांसारखं आणखी रेखीव करायला जात नसत. लंडनच्या फोटोग्राफर मंडळींनी गबाळं काम म्हणून टीका केली. बाईंनी हर्शेलना पत्रात विचारलं, फोकस म्हणजे काय, आणि कुठला फोकस योग्य हे ठरवायचा हक्क कुणाला? बर्लिनमध्ये त्यांना १८६६ साली सुवर्णपदक मिळालं आणि १८६८ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने दोन खोल्या त्यांना स्टुडिओसाठी दिल्या.

हर्शेलांसाठी त्या तीन वर्षं थांबल्या. शेवटी कॅमेरा, काचा, बाटल्या असा सगळा बारदाना घेऊन त्यांच्या केंटमधल्या घरी गेल्या. असं सांगतात की उजेड नीट धरावा म्हणून बाईंनी त्यांना केस धुवायला लावले. पुढच्या वेळी आलात की फोटोत बघा, उजेड केसांच्या टोकांवर थबकलाय आणि कपाळाच्या सुरकुत्यांतून खाली उतरलाय. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर आकाशाकडे बघितलेला. कोट नाही, खुर्ची नाही, टेबलावर दुर्बीण नाही. बाई म्हणतात की अशी माणसं समोर असताना त्यांच्या बाहेरच्या रूपाबरोबर आतला मोठेपणाही प्रामाणिकपणे टिपायला माझा जीव झटायचा, आणि असा फोटो जवळजवळ प्रार्थनाच असायचा. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ काउंटरवर नुसती बसून राहिले होते.

टेनिसन, ब्राउनिंग आणि लाँगफेलो हे कवी, कादंबरीकार ट्रोलॉप, चित्रकार वॉट्स आणि होल्मन हंट सगळे बाईंच्या कॅमेऱ्यापुढे बसले. टेनिसननी आपल्या एका फोटोला गमतीने 'मळका बैरागी' म्हटलं. १८६८ च्या उन्हाळ्यात डार्विन सहकुटुंब बाईंच्याच जागेत भाड्याने राहिले होते, तेव्हा बाईंनी त्यांचाही फोटो काढला. आपल्या बाकी कुठल्याही फोटोपेक्षा हा मला फार आवडतो, असं त्यांनी लिहून दिलं. लेखक कार्लाइलचा फोटो माझ्या मते सगळ्यांत धाडसी. अर्धा चेहरा अंधारात आणि उरलेला इतका हललेला की दगड फोडून माणूस बाहेर येतोय असं वाटतं.

एक गोष्ट मला खटकते, तीही सांगते. पुरुषांचे फोटो त्यांच्या नावानिशी आणि बायका बहुतेक वेळा मॅडोना, म्हणजे येशूची आई मरियम, नाहीतर काव्यातल्या नायिका. मेरी हिलियर ही घरातली मोलकरीण. किती फोटोंत ती मरियम होऊन बसली आहे! भाचीचे, ज्युलिया जॅक्सनचे फोटो तेवढे वेगळे. तिथे बाई सरळ तिच्या डोळ्यांत बघतात. मेरी रायन ही रस्त्यावर भीक मागणाऱ्या आयरिश बाईची मुलगी, बाईंनी घरी आणून वाढवलेली. फोटोंच्या प्रदर्शनात तिला पाहून हेन्री कॉटन नावाचा तरुण प्रेमात पडला आणि १८६७ मध्ये त्यांचं लग्न झालं. हेच कॉटन १९०४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष.

१८७५ मध्ये कॅमेरॉन कुटुंब सिलोनला, आपल्या कॉफीच्या मळ्यांकडे गेलं. रोगाने कॉफी बसत चालली होती. तिथे काढलेले फोटो थोडेच उरलेत, आणि त्यातल्या मळ्यावरच्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. जानेवारी १८७९ मध्ये बाई तिथेच गेल्या. फोटोचं काम अवघं दहा-बारा वर्षांचं.

मागच्या हिवाळ्यात मी अण्णांना खिडकीशी बसवलं. लेन्सला गडद फिल्टर लावून शटर तीन मिनिटं उघडं ठेवलं. पहिली वीस-तीस सेकंदं अण्णा 'फोटोला बसले' होते. हनुवटी वर, ओठ घट्ट, जसं ते पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना बसवत आले तसेच. मिनिटभराने खांदे खाली आले. मग नजर माझ्यावरून सुटून बाहेर गेली, आईची तुळस आहे तिकडे. खोलीत त्यांचा श्वास ऐकू येत होता. फोटोत खुर्चीच्या पाठीला टेकलेल्या डोक्यामुळे डाव्या कानाची कड धारदार आली आहे. सदऱ्याचं वरचं बटण दुहेरी दिसतं. डोळे मऊ.

अण्णांनी प्रिंट हातात घेतला आणि जुन्या सवयीने उजेडाकडे तिरका धरला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पक्का करून ठेव." हर्शेलांच्या शेजारी खिळा मारून ठेवलाय, फ्रेम या आठवड्यात येईल.