रेटिना मॉडेल: स्टारबर्स्टच्या फांदीला अखेर दिशा कळली

डोळ्याचा पडदा (रेटिना) हालचालीची दिशा कशी ओळखतो, याचं मी कॉम्प्युटर मॉडेल बनवतोय. मागच्या अपडेटमध्ये गँग्लियन पेशी (मेंदूकडे संदेश धाडणारी) दोन्ही दिशांना सारखीच फायर होत होती, तिथे गाडं अडलं होतं. ते हललं! रेघ उजवीकडे सरकवली की स्पाइक्सचा (विजेच्या ठोक्यांचा) सडा, डावीकडे सरकवली की जेमतेम एखादा. आधीच्या पायऱ्यांना, म्हणजे फोटोरिसेप्टर (प्रकाश टिपणाऱ्या पेशी), हॉरिझॉन्टल फीडबॅक (त्यांना आवर घालणारा), ऑन बायपोलर (प्रकाश वाढला की संदेश पुढे देणाऱ्या पेशी) यांना हात लावलेला नाही.

आधीची मांडणी बार्लो-लेविक यांची, १९६५ साली सशाच्या रेटिनावरून सुचलेली: शेजारून येणारं इनहिबिशन (पेशीला दाबणारा संदेश) जरा उशिरा पोचवायचं, म्हणजे नल दिशेची (जिला पेशीने गप्प राहायचं ती) हालचाल दाबली जाते. कल्पना देखणी, पण माझा उशीर ठरावीक होता, त्यामुळे ती एकाच वेगाला चालायची. वाढवला तर जलद रेघ निसटते, कमी केला तर संथ.

म्हणून उशीर काढूनच टाकला आणि स्टारबर्स्ट अमॅक्राइन (रेटिनातली, चहूकडे फांद्या पसरलेली पेशी) फांद्यांसकट आणली. ऑयलर, डेटवायलर आणि डेंक यांनी २००२ मध्ये दाखवलंच होतं की मध्यापासून टोकाकडे जाणाऱ्या हालचालीला टोकातलं कॅल्शियम जास्त वाढतं. या पेशीला ॲक्झॉन (संदेश बाहेर नेणारी तार) नाही. गाबा (दाबणारं रसायन) सुटतं ते फांद्यांच्या टोकाकडूनच. म्हणजे एकाच पेशीत प्रत्येक फांदीची दिशा वेगळी!

पण नुसत्या पॅसिव्ह केबलने (फांदी म्हणजे साधी विजेची तार धरून) टोकाच्या व्होल्टेजमध्ये फरक पडला तो अगदी नखभर. आतला रेझिस्टन्स वाढवला तर फरक वाढतो, पण सिग्नल टोकाला पोचेपर्यंत मरतो. इथेच सगळा वेळ गेला. तयार मॉर्फॉलॉजीची (पेशीच्या आकाराची) जी फाईल उतरवली होती तिच्यात सगळ्या फांद्यांची जाडी एकच! केबलचा सगळा खेळ जाडीवर, मग अशी फाईल काय कामाची? फांदी स्वतःच काढली.

सुटका झाली ती आयवायर या प्रकल्पाच्या २०१४ च्या, रेटिनातल्या जोडण्यांच्या नकाशामुळे: पेशीकायेजवळ संथ बायपोलर, पुढे जलद. बैलगाडी आधी निघाली आणि मोटरसायकल मागून, तर दोघी वेशीवर एकदमच पोचतात. क्रम उलटा केला की चुकामूक. त्यावर टोकाला कॅल्शियमचा थ्रेशोल्ड (तो ओलांडला तरच गाबा सुटेल असा उंबरठा) बसवला आणि नखभर फरकाचं हो-नाही झालं. मग २०११ च्या ब्रिगमन, हेल्मस्टेटर आणि डेंक यांच्या जोडणीप्रमाणे, नल दिशेकडे रोख असलेल्या फांद्याच गँग्लियनला जोडल्या. आता बऱ्याच वेगांना डीएसआय (दिशा-निवडीचा निर्देशांक) टिकतोय. नकाशाच्या या अर्थावर वाद आहे, माहीत आहे. स्टारबर्स्ट पेशी एकमेकींना दाबतात म्हणून दिशा कळते असं मानणारे नाक मुरडतील, मुरडू देत.

टूलबद्दल: पॉइंट न्यूरॉनसाठी (फांद्या नसलेली, एका बिंदूएवढी पेशी) ब्रायन-२ सिम्युलेटर छानच, पण फांद्यांसाठी मी न्यूरॉन सिम्युलेटरवर आलो. त्याची जुनी हॉक भाषा डोकं उठवते, पायथनमधून चालवा.

पुढे ऑफ थर (प्रकाश कमी झाला की संदेश देणारा) जोडणार होतो. पण हे लिहिता लिहिता रेघेचा कॉन्ट्रास्ट निम्मा करून पाहिला आणि बेत फिरला. टोक थ्रेशोल्डखालीच राहतं, गाबा सुटत नाही आणि गँग्लियन पुन्हा दोन्ही दिशांना सारखीच कुरकुरते. थ्रेशोल्ड खाली आणला तर भडक रेघेला दोन्ही दिशांना गाबा सुटतं. तेव्हा ऑफ थर थांबेल. आधी बायपोलरच्या पायरीवर गेन कंट्रोल (कॉन्ट्रास्टप्रमाणे संवेदनशीलता आपोआप कमी-जास्त होणं). कोणी बसवलंय का? टाइम कॉन्स्टंट (जुळवून घ्यायला लागणारा वेळ) किती ठेवलात, आणि संथ-जलद दोघांना एकच की वेगवेगळा?